एक्केचाळिसाव्या पानावरचा भाऊ

तर काल आपण कुत्र्यापाशी थांबलो होतो. कुत्रा कोर्टात आला, पुढचे पाय पसरून टेबलाखाली आडवा झाला, आणि जज्ज बोलेक दुद्झिक चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "आरोपी हजर आहे. फिर्यादी, बोला आता."

फिर्यादी होता स्टॅश कुबाला. ईस्टरच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोने जेवणाची टोपली चर्चमध्ये नेऊन तिच्यावर फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून आणलं होतं. टोपली ओसरीवर ठेवून बाई शेजारणीशी दोन शब्द बोलायला गेली. आमच्या बायकांचे दोन शब्द म्हणजे किती ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यात ओल्शाकच्या कुत्र्याने हातभर सॉसेज फस्त केलं. आमच्याकडे त्या टोपलीतल्या अंड्याचं टरफलसुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात नाहीतर बागेत पुरतात. तेव्हा कुबालाचं म्हणणं, नुसतं सॉसेज गेलेलं नाही, विटंबना झाली. ओल्शाक म्हणाला, "कसली विटंबना? फादरांचा हात त्या टोपलीपर्यंत पोचलाच नव्हता. मी मागे उभा होतो. ते साधं सॉसेज होतं."

बोलेकने दोघांचं पाऊण तास ऐकून घेतलं. फादरांना बोलावून त्यांनाही विचारलं. मग म्हणाला, "पाणी पोचलं असेल, तर हा कुत्रा आतून पवित्र झालाय आणि तो माझ्या अधिकारात येत नाही. पोचलं नसेल, तर विटंबना झालेली नाही. पुढच्या ईस्टरला दोन्ही घरं एका टेबलावर जेवतील. सॉसेज ओल्शाक आणेल. कुत्रा बाहेर बसेल." दोन्ही घरं जेवली, आणि तिसऱ्या वर्षी कुबालाची पोरगी ओल्शाकांची सून झाली.

असा आमचा बोलेक. पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या डोंगरात, लॉरेल पॅच नावाच्या खाणवस्तीत जन्मला, खाणीने बाप नेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. आठवी झाली आणि न्हाव्याच्या दुकानात उभा राहिला. आमच्या राज्यात गावच्या जज्जला वकील असावं लागत नाही. लोकांनी मतं दिली, त्याने चार आठवडे अभ्यास केला, परीक्षा दिली, की झालं. लोकांनी त्याला मतं का दिली? पंचवीस वर्षं तो सगळ्या गावाच्या गळ्यावर वस्तरा फिरवत होता आणि कधी कोणाला लागलं नाही, म्हणून. जज्ज झाल्यावरही सोमवार सोडून सकाळी दोन तास तो दुकान उघडायचा. "काल तू मला दंड केलास," असं म्हणत माणूस खुर्चीत बसायचा आणि बोलेक म्हणायचा, "हो. कानावरचे बारीक करू का?"

त्याचं दुसरं वेड म्हणजे गावाचा इतिहास. रविवारी दुपारी हा पठ्ठ्या दाढीचा फेस घेऊन दफनभूमीत जायचा. जुन्या थडग्यांवरची अक्षरं झिजलेली असतात. त्यावर फेस थापायचा, पट्टीने निपटून काढायचा, की खोलगट भागात फेस राहतो आणि नाव पांढरं होऊन वर येतं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, मेलेल्यांच्या दाढ्या चालल्यात. त्याची बायको लोत्ती म्हणायची, "जिवंतांची झाली, आता हे गिऱ्हाईक! निदान कुरकुर तरी करत नाहीत." बोलेकला तिचं हे बोलणं आवडायचं. तिकडून कुरकुर येऊ शकते, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

चर्चला शंभर वर्षं होणार म्हणून पुस्तक काढायचं ठरलं, चौऱ्याण्णव साली. पुस्तक कोण लिहिणार हे विचारायचीही गरज नव्हती. दोन वर्षं बोलेकने घरोघर जाऊन पेट्या उघडायला लावल्या. फोटो, बाप्तिस्म्याचे कागद, खाणीतले पितळी बिल्ले. त्यातच एका पेटीत तो फोटो निघाला.

आमच्याकडे पूर्वी माणूस गेला की पेटी उघडी ठेवून चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढायचे. सगळं गाव भोवती उभं. तो फोटो पोलंडला म्हाताऱ्या आईबापाला पाठवायचा, म्हणजे त्यांना कळावं की लेकराला नीट पोचवलं, एकटं टाकलं नाही. हा फोटो अंतोनी वोय्तासचा, एकोणीसशे दोनच्या ऑगस्टमधला. तापाने गेला होता बिचारा. त्या वर्षी मोठा संप होता. मे महिन्यापासून खाणी बंद, पोरं रानपाल्याचा नाही तर मशरूमचा रस्सा पिऊन दिवस काढत होती. फोटोत चर्चच्या यादीतला एकूण एक पुरुष हजर आहे. बोलेकने भिंग घेऊन चेहरे मोजले, नावं लावली. दोनशे अकरा माणसं. आणि त्यात अंतोनीचा सख्खा भाऊ शिमोन नाही.

बोलेक म्हणाला, कोणाला काम नव्हतं, कोणाला कुठे जायचं नव्हतं. मग सख्खा भाऊ गेला कुठे?

आता कोळशाच्या गावात वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचं एकच उत्तर सुचतं. संपात जो दिसत नाही, तो कंपनीच्या फाटकातून आत गेला. बोलेकने एक्केचाळिसाव्या पानावर तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "संपामुळे सर्व खाणकामगार हजर. सख्खा भाऊ शिमोन मात्र दिसत नाही. तो त्या दिवसांत कंपनीच्या बाजूने कामावर जात असावा."

हे त्याने लिहिलं नोव्हेंबरात. पुस्तक छापायला गेलं मार्चमध्ये. आणि मधल्या जानेवारीत जे झालं ते फक्त बोलेकला माहीत होतं.

सोमवार होता, दुकान बंद. बाहेर बर्फ. बोलेक न्हाव्याच्याच खुर्चीत बसून चर्च समितीच्या सभांची जुनी वही वाचत होता. वही पोलिश भाषेत, आणि अक्षर त्याच्या आजोबांचं. फ्रान्चिशेक दुद्झिक, पहिले सचिव. पुस्तकाच्या नवव्या पानावर त्यांचा पानभर फोटो जायचा होता, मिशांसकट. वाचता वाचता ऑगस्ट आला. तिथे लिहिलं होतं:

"अंतोनी वोय्तासची माती झाली. ठरावाप्रमाणे खालच्या चर्चच्या लोकांना पायऱ्यांवर किंवा दफनभूमीत घेतलं नाही. मयताचा भाऊ शिमोन फाटकाशी आला. किल्ली माझ्याकडे होती. मी उघडलं नाही. तो टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत बाहेर उभा होता."

खालचं चर्च म्हणजे काय, हे आता आमच्यातल्या म्हाताऱ्यांनाच आठवतं. त्या काळी बिशप आयरिश, आणि चर्च बांधलेलं आमच्या लोकांच्या घामाने. चर्चची मालकी कोणाची यावरून भांडण पेटलं, आणि चाळीस घरं फुटून डोंगराखाली गेली. तिथे त्यांनी स्वतःचं चर्च उभारलं, प्रार्थना पोलिश भाषेत म्हणायला लागली. वरच्यांनी त्यांना वाळीत टाकलं. भाऊ भावाच्या घरी पाणी पीत नव्हता. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी ती जखम भरली, खालचं चर्च बंद झालं, माणसं वर आली, आणि सगळ्यांनी मिळून तो विषय गिळून टाकला. इतका गिळला, की बोलेकसारख्या माणसाला फोटोत भाऊ दिसला नाही तर खाण आठवली, कुंपण आठवलं नाही.

ते ठीक. माणूस चुकतो. पण आता वही समोर होती. बोलेकने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग त्याच्यातला जज्ज कामाला लागला. तो स्वतःशी म्हणाला: फाटकाशी आला, एवढंच सिद्ध होतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेला नसेल कशावरून? आणि मी तरी कुठे ठाम लिहिलंय? 'असावा' म्हटलंय. असा 'असावा' त्याच्या कोर्टात एखादा हवालदार घेऊन आला असता, तर बोलेकने त्याला दारातून परत पाठवला असता. पण त्या दिवशी कोर्टही तोच, हवालदारही तोच. त्याने पान उलटलं. एक्केचाळीस तसंच राहिलं. नवव्या पानावर मिशा झळकल्या.

मे महिन्यात पुस्तकं आली. गुरुवार होता. गुरुवारी चर्चच्या तळघरात पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, होतात; त्या विकून छपराची दुरुस्ती चालते. आम्ही म्हातारे बटाटे सोलतो, बायका पीठ लाटतात, सारण भरतात. कडेची मुरड घालायची मात्र रेजिना वोय्तासने. एक्क्याऐंशी वर्षांची, सडी, आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात शिलाई केलेली. अशी मुरड घालायची की उकळत्या पाण्यात एकही उघडत नसे. तिनेच बोलेकला लहानपणी रविवारच्या वर्गात प्रार्थना शिकवल्या होत्या. शिमोन तिचा आजोबा.

पुस्तकाचा गठ्ठा सुटला, प्रत्येकीने हात पुसून आपापल्या माणसांची पानं काढली. "ही बघ माझी आजी!" "आजी कसली, भोपळा ठेवलाय खुर्चीवर!" हसणं चाललं होतं. रेजिनाने एक्केचाळीस काढलं. वाचलं. पुस्तक मिटून पिठाला लागणार नाही असं बाजूला ठेवलं. एप्रन सोडला, त्याची चौकोनी घडी केली, आणि कोट घालून जिन्याने वर गेली. दारात बोलेक उभा होता, शाबासकी घ्यायला आलेला. ती त्याला "सरक जरा," एवढंच म्हणाली.

त्या गुरुवारी अर्ध्या पिएरोगी पाण्यात फुटल्या. पुढच्या गुरुवारीही. तिसऱ्या आठवड्यात वेरोनका झायोन्त्स, जिच्या जिभेला हाड नाही, बोलेकला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बटाट्याचं सूप म्हणून विका आता. आणि वर लिहा, जज्जसाहेबांच्या कृपेने."

गावात कुजबुज सुरू झालीच होती. शंभर वर्षं झाली तरी आमच्याकडे संपफोड्या हा शब्द शिळा होत नाही. किराणा दुकानात कोणीतरी रेजिनाकडे बघून आवाज खाली केला. तिने पावाची लादी परत फळीवर ठेवली आणि घरी गेली. हे बोलेकला लोत्तीने सांगितलं. सांगताना ती भांडी घासत होती आणि एकदाही मागे वळली नाही.

"तू तिला विचारलं होतंस का रे, लिहायच्या आधी?"

"काय विचारायचं?"

"काय म्हणजे? तिचा आजोबा, तिला! कुत्र्याच्या खटल्यात फादरांना साक्षीला बोलावलंस. चार गल्ल्यांवर राहणाऱ्या बाईला विचारायला तुला दोन वर्षांत वेळ झाला नाही?"

बोलेकने फडकं घेऊन भांडी पुसायला घेतली. लोत्तीला वाटलं, याला चूक कळली. चूक कळून चार महिने झाले होते, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तेच त्याला सांगवत नव्हतं.

शनिवारी सकाळी तो रेजिनाकडे गेला. टोपी हातात. तिने दार उघडलं, जाळीचं मात्र उघडलं नाही.

"मावशी, मला बोलायचंय."

"बोल. ऐकू येतं मला."

"शिमोनआजोबांबद्दल... तुम्हाला काही माहीत असेल तर..."

"आत्ता विचारतोस?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "माझा बाप तेव्हा सात वर्षांचा होता. आजोबांचा हात धरून कुंपणाबाहेर उभा होता. आत त्याच्या काकाला पुरत होते आणि याला पेटीवर पडणाऱ्या मातीचा आवाज येत होता. संपात आजोबांनी एक दिवस काम केलं नाही. आजीने लग्नातले बूट विकले. झालं? लिही आता."

"फाटकावर..." बोलेक म्हणाला. "फाटकावर कोण होतं?"

रेजिना जाळीतूनच म्हणाली, "ते मी सांगणार नाही. बापाने मला सांगितलं होतं, नाव माहीत असू दे, पण बोलू नकोस, त्यांची पोरं आपल्या पोरांबरोबर शाळेत जातात. तू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचास, बोलेक. तेव्हापासून मी गप्प आहे. जा आता, दूध उतू जाईल."

घरी जाताना बोलेकने नेहमीचा रस्ता सोडला आणि गावाला वळसा घातला, म्हणजे कोणी भेटायला नको. त्या बाईने साठ वर्षं त्याच्या आजोबांचं नाव झाकलं होतं. आणि त्याने चार महिन्यांत तिच्या आजोबांचं उघडं पाडलं होतं, तेही खोटं.

मग त्याने काय केलं? तुम्हाला वाटेल गेला आणि सगळं सांगून टाकलं. नाही. माणूस एवढ्यात सरळ होत नाही. त्याने दुरुस्तीची चिठ्ठी छापली, भरपूर मेहनत घेऊन. "पान ४१. नव्याने हाती आलेल्या कागदांवरून असे दिसते की शिमोन वोय्तास हे संपात निष्ठेने सहभागी होते. ते खालच्या चर्चचे सभासद असल्याने त्यांना भावाच्या अंत्यविधीला आत येऊ दिले नाही. त्या वेळी फाटकाची किल्ली फ्रान्चिशेक दुद्झिक यांच्याकडे होती. लेखक क्षमा मागतो." आजोबांचं नाव आडनावासकट लिहिलं. चारशे चिठ्ठ्या स्वतः घरोघर नेऊन, पुस्तकं मागून घेऊन, डिंकाने चिकटवल्या. लोकांनी पाठ थोपटली. फादर म्हणाले, "याला हिंमत लागते, बोलेक." वेरोनकासुद्धा म्हणाली, "स्वतःच्या आजोबाला फाटकावर उभं केलंस. मी तुझ्यावर एवढं तोंडसुख घ्यायला नको होतं." प्रत्येक शाबासकीबरोबर तो आणखी वाकत होता. लोत्तीने विचारलंही, "आता का तोंड पाडून बसलास? झालं ना सगळं?"

"झालं," तो म्हणाला.

'नव्याने हाती आलेल्या.' सगळी चिठ्ठी खरी होती, हे तीन शब्द सोडून. आणि हे तीन शब्द काढले असते, तर कोणीतरी विचारलं असतं, मग तू आधी काय करत होतास? म्हणून ते घातले होते. कोर्टात माणसं त्याच्यासमोर असंच नव्वद टक्के खरं बोलायची. ती दहा टक्के कुठे लपवतात, ते त्याला वस्तरा लावल्यासारखं दिसायचं. खुर्चीमागे उभं राहून दुसऱ्याचे गाल बघायची सवय होती. आरशात बघायचं म्हटलं की डोळे फिरत होते. तीन गिऱ्हाइकांना त्या आठवड्यात लागलं. वस्तरा हातात घेतल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या गुरुवारी आम्ही तळघरात बटाट्यांवर बसलो होतो. बोलेकही आला होता, पोती उचलायला. अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली आणि रेजिना खाली आली. कोट काढला, खुंटीला लावला. पर्समधून एप्रन काढला, तीच चौकोनी घडी. बायकांनी तिच्यासाठी टेबलाच्या कडेची जागा मोकळी केली. वेरोनकाने लाटलेल्या चकत्यांचं ताट तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "ये बाई. सूप विकून कंटाळलो."

रेजिना हसली. पण बसली नाही. ती सरळ बोलेककडे गेली. त्याच्या खांद्यावर पन्नास पौंडांचं पोतं होतं.

"ठेव ते खाली," ती म्हणाली. "मी चिठ्ठी वाचली. तीनदा वाचली. त्यात तू जे नाव लिहिलंस, ते मी तुझ्याकडून कधी मागितलं नसतं. माझा बाप असता तर त्याने तुला मिठी मारली असती." तिचे डोळे भरले. "बोलेक, सगळ्यांसमोर सांगते, माझ्या मनात आता काही नाही."

बायका एप्रनला डोळे पुसायला लागल्या. मीही सुरी खाली ठेवली. बोलेकने पोतं खाली ठेवलं, पण कमरेतून तसाच वाकलेला राहिला. चेहरा पिठासारखा झालेला.

"एकच सांग," रेजिना म्हणाली. तिच्या विचारण्यात काही डाव नव्हता, मी शपथेवर सांगतो. लहान पोर खाऊ कुठून आणला विचारतं ना, तसं विचारलं. "तो कागद आहे तरी कुठला? इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मिळाला कधी तुला? तू माझ्या दारावर आला नसतास, तर कदाचित मिळालाही नसता, नाही का? देवानेच दाखवला म्हणायचा."

आता त्याला फक्त मान हलवायची होती. एवढंच. ती जाऊन आपल्या जागेवर बसली असती, पिएरोगी फुटायच्या थांबल्या असत्या, आणि चारशे पुस्तकं चारशे घरांत तशीच राहिली असती. जगात एकाही माणसाला कळलं नसतं. लोत्ती चुलीपाशी उभी होती, ती नवऱ्याकडे बघून हसत होती.

बोलेक सरळ झाला. हाताला बटाट्याची माती होती, ती त्याने पॅन्टला पुसली. आधी लोत्तीकडे बघितलं, मग रेजिनाकडे. आणि म्हणाला:

"मावशी, देवाने जानेवारीतच दाखवला होता. पुस्तक छापायला दोन महिने बाकी होते. मी तो कागद दोनदा वाचला, अक्षर माझ्या आजोबांचं आहे हे ओळखलं, आणि पान उलटलं. चिठ्ठीत 'नव्याने हाती आलेल्या' लिहिलंय ते खोटं आहे. तुम्ही एप्रन बांधायच्या आधी हे तुम्हाला माहीत असायला हवं."